लूरिया, अलेक्झांडर रोमानोव्हिच

(१६ जुलै १९०२–१४ ऑगस्ट १९७७). प्रख्यात रशियन मानसशास्त्रज्ञ, वैद्य आणि तंत्रिका-मानसशास्त्राचे एक प्रमुख संस्थापक. मेंदू व मनोव्यापार यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या या शास्त्राला त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून आकार दिला. मेंदूला इजा झालेल्या माणसाला काय येत नाही, एवढीच नोंद तोवरच्या तपासणीत बहुधा होत असे. ते का येत नाही आणि दुसऱ्या कोणत्या वाटेने साधता येईल, हा प्रश्न लूरिया यांनी तपासणीच्या केंद्रस्थानी आणला.

जन्म व्होल्गाकाठच्या कझान शहरी, एका ज्यू कुटुंबात. वडील रोमान आल्बेर्तोव्हिच हे पचनसंस्थेच्या विकारांचे नामवंत वैद्य, तर आई दंतवैद्य होती. क्रांतीनंतरच्या धामधुमीत, १९२१ मध्ये, ते कझान विद्यापीठाचे पदवीधर झाले. मुलाने वैद्यकाकडे वळावे ही वडिलांची इच्छा. मुलाचा ओढा मानसशास्त्राकडे. विशीतच त्यांनी कझानमध्ये मनोविश्लेषणाचे एक मंडळ स्थापन केले व खुद्द फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९२३ मध्ये ते मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेत दाखल झाले. व्यक्तीचे बोलणे व हाताची हालचाल एकाच वेळी नोंदवून तिच्या मनातील दडलेला भावनिक क्षोभ ताडण्याची पद्धत त्यांनी तेथे विकसित केली. या संशोधनावरील द नेचर ऑफ ह्यूमन कॉन्फ्लिक्ट्‌स हा ग्रंथ १९३२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

जानेवारी १९२४ मध्ये पेट्रोग्राड (नंतरचे लेनिनग्राड) येथील परिषदेत त्यांची ल्येव्ह व्हिगॉट्‌स्की यांच्याशी भेट झाली आणि त्यांच्या विचारांना निराळे वळण लागले. माणसाचे उच्च मनोव्यापार जन्मतः तयार नसतात. भाषा, खुणा, लेखन यांसारख्या समाजाने घडविलेल्या साधनांच्या आधारे ते उभे राहतात, हा व्हिगॉट्‌स्कींचा सिद्धांत. त्याचा वैद्यकीय अर्थ काय होतो, याचे प्रत्यंतर एका साध्या प्रयोगात आले. कंपवाताचा एक रुग्ण सपाट जमिनीवर पाऊल टाकू शकत नसे. जिना मात्र चढत असे. व्हिगॉट्‌स्की व लूरिया यांनी जमिनीवर थोड्याथोड्या अंतरावर कागदाचे तुकडे मांडले आणि एकेक तुकडा ओलांडत तो रुग्ण चालू लागला. मेंदूच्या खोल भागातील, आपोआप चालणारी यंत्रणा निकामी झाली होती. परंतु डोळ्यांना दिसणारी खूण देताच तेच काम मेंदूच्या दुसऱ्या, शाबूत भागाने उचलले. लूरिया यांच्या पुढील पन्नास वर्षांच्या कार्याचे बीज या कागदाच्या तुकड्यांत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९३१ व १९३२ मध्ये त्यांनी उझबेकिस्तानात दोन शोधयात्रा काढल्या. निरक्षर शेतकरी अनुमानाचे प्रश्न आपल्या अनुभवाच्या कक्षेत राहूनच सोडवितात, थोडेसे शालेय शिक्षण मिळालेल्यांची विचारपद्धती मात्र बदललेली दिसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यात अल्पसंख्य राष्ट्रकांचा अवमान झाल्याचा आरोप होऊन त्यांच्यावर टीकेची झोड उठली. हे संशोधन ग्रंथरूपाने बाहेर येण्यास १९७४ साल उजाडावे लागले. १९३४ मध्ये व्हिगॉट्‌स्की क्षयाने निवर्तले. १९३६ मध्ये बालविकासशास्त्राच्या एका शाखेवर सरकारी बंदी आली. अशा वातावरणात लूरिया यांनी वैद्यकाचे शिक्षण पूर्ण करण्याचे ठरविले व वयाच्या पस्तिशीत, १९३७ मध्ये, वैद्यकाची पदवी मिळविली. वडिलांची जुनी इच्छा अशा आडवाटेने पूर्ण झाली. त्यानंतर बुर्देन्को यांच्या मेंदूशल्यचिकित्सा संस्थेत त्यांनी उमेदवारी केली.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, उरल पर्वताच्या दक्षिण भागातील किसेगाच येथे मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन रुग्णालय उभारण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. खाटा चारशे, उपकरणे बेताची. कागद, पेन्सिल, काही चित्रे आणि रुग्णाशी संभाषण हीच तपासणीची मुख्य साधने होती. या अनुभवावर आधारलेले वाचाघातावरील पुस्तक १९४७ मध्ये व गमावलेल्या क्षमतांच्या पुनःस्थापनेवरील पुस्तक १९४८ मध्ये रशियन भाषेत निघाले.

त्यांच्या विश्लेषणाची रीत लेखनाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. ऐकलेला शब्द लिहावयाचा तर प्रथम त्यातील ध्वनी वेगळे ओळखावे लागतात, ते मनात उच्चारून पक्के करावे लागतात, प्रत्येक ध्वनीचे अक्षर व त्या अक्षराचे वळण आठवावे लागते, हाताच्या हालचाली क्रमाने जुळवाव्या लागतात आणि लिहिण्याचा हेतू अखेरपर्यंत टिकवावा लागतो. ही प्रत्येक कडी मेंदूच्या निरनिराळ्या भागावर अवलंबून असते. म्हणजेच, पाच रुग्णांना लिहिता येत नसेल तर पाचांचे कारण पाच प्रकारचे असू शकते. त्यांपैकी एखाद्याला ध्वनीच ओळखता येत नसतील, तर अक्षरे गिरवून घेण्याचा उपयोग नाही. त्याला ओठांची ठेवण आरशात पाहून ध्वनी ओळखण्यास शिकवावे लागेल. ललाटखंडाला इजा झालेला रुग्ण ‘हात दाबा’ ही आज्ञा समजतो, उच्चारून दाखवितो, परंतु हात दाबत नाही. तेथे दोष स्नायूंचा नसून कृतीच्या नियंत्रणाचा असतो. सलग कथन न जमणाऱ्या काही रुग्णांपुढे लूरिया ‘त्यानंतर’, ‘परंतु’, ‘म्हणून’ अशा जोडशब्दांच्या चिठ्ठ्या ठेवीत; त्यांच्या आधाराने गोष्ट पुढे सरकत असे.

किसेगाचच्या रुग्णांपैकी झासेत्स्की या तरुण अधिकाऱ्याची हकिकत जगप्रसिद्ध झाली. २ मार्च १९४३ रोजी गोळी लागून त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्धगोलाचा मागील भाग उद्ध्वस्त झाला. उजव्या बाजूचे दृश्य त्याला दिसेनासे झाले, वाचन-लेखन गेले, स्वतःच्या शरीराचे अवयव कोठे आहेत हेही उमजेना. ‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ यांतील शब्द त्याला कळत. नाते मात्र उलगडत नसे. ललाटखंड शाबूत असल्याने आपण काय गमावले, याची जाणीव मात्र पुरेपूर होती, आणि हीच या विकाराची क्रूर बाजू. अक्षर अक्षर आठवून लिहिण्याची त्याची धडपड निष्फळ ठरत होती. एके दिवशी, विचार न करता, हात न उचलता संपूर्ण शब्द एकदम लिहिण्यास त्याला सांगण्यात आले. ‘रक्त’ या अर्थाचा रशियन शब्द त्याने लिहिला. आपण काय लिहिले ते त्याला वाचता मात्र येईना. जुन्या सवयीचा हात अक्षरांच्या स्मृतीवाचून चालत होता. या एवढ्याशा मुभेवर त्याने पुढील सुमारे पंचवीस वर्षांत तीन हजारांच्या आसपास पृष्ठे लिहिली. एक पान होण्यास कधी कधी दिवसच्या दिवस लागत. ही टिपणे आणि लूरिया यांचे विवेचन यांतून द मॅन विथ अ शॅटर्ड वर्ल्ड हे पुस्तक सिद्ध झाले (१९७१, इं. भा. १९७२). त्यात रुग्ण बरा झाल्याचा दावा नाही. झासेत्स्की अखेरपर्यंत अपंगच राहिला. ग्रंथाचा खरा लेखक तोच असल्याचे लूरिया यांनी मान्य केले, हे त्यांच्या दृष्टिकोनाचे द्योतक होय.

१९५० मध्ये पाव्हलॉव्ह यांच्या सिद्धांतांना अधिकृत स्वरूप देण्यात आले, तेव्हा बुर्देन्को संस्थेतील लूरिया यांची प्रयोगशाळा बंद झाली. मंदबुद्धी व अपंग मुलांविषयीच्या संस्थेत त्यांनी ती वर्षे काढली. आपसांतच एक खाजगी बोली बोलणाऱ्या पाच वर्षांच्या जुळ्या मुलांना निरनिराळ्या गटांत ठेवताच, तीन महिन्यांत त्यांच्या भाषेत व खेळात झालेली प्रगती त्यांनी युदोविच यांच्यासह टिपली, ती याच सुमारास ग्रंथरूपात आली. दशकाच्या अखेरीस ते पुन्हा मेंदूच्या रुग्णांकडे वळले. हायर कॉर्टिकल फंक्शन्स इन मॅन (१९६२, इं. भा. १९६६) आणि द वर्किंग ब्रेन (१९७३) हे त्यांचे शास्त्रीय विवेचनाचे प्रमुख ग्रंथ. जागृती राखणारा, माहिती ग्रहण करून साठविणारा आणि कृतीची योजना व नियंत्रण करणारा असे मेंदूचे तीन कार्यविभाग त्यांनी कल्पिले.

याच्या जोडीला त्यांचे आणखी एक छोटे पुस्तक उभे आहे : द माइंड ऑफ अ निमॉनिस्ट (१९६८). शेरेशेव्हस्की हा वृत्तपत्राचा वार्ताहर. विसरणेच शक्य नसलेल्या या माणसाचे निरीक्षण लूरिया यांनी जवळजवळ तीस वर्षे केले. त्याच्या अफाट स्मृतीपेक्षा तिने त्याच्या आयुष्याचे काय केले, याकडे त्यांचे अधिक लक्ष आहे. चेहरे ओळखणे व कवितेचा अर्थ लावणे त्याला अवघड जाई, कारण प्रत्येक शब्दागणिक चित्रांची गर्दी उसळे. घटनेचे घटक सुटे करणाऱ्या ‘अभिजात’ शास्त्राहून जिवंत वास्तवाची समृद्धी जपणारे शास्त्र वेगळे, असा भेद माक्स फेरव्होर्न यांनी केला होता. लूरिया या दुसऱ्या प्रकाराला ‘स्वच्छंदतावादी शास्त्र’ म्हणत. त्यांच्याशी पत्रव्यवहार असलेले मज्जाविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स (१९३३–२०१५) यांच्या रुग्णकथांवर या दोन पुस्तकांचा ठसा स्पष्ट दिसतो.

या पद्धतीवर आक्षेपही घेण्यात आले. चाचण्यांना ठराविक गुणांकन नाही, निरोगी व्यक्तींशी तुलना अपुरी आहे, निष्कर्ष परीक्षकाच्या कुशलतेवर अवलंबून राहतो, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य आहे. लूरिया यांच्याइतकी नजर प्रत्येक परीक्षकापाशी असणार नाही. डेन्मार्कच्या ॲन-लीझ क्रिस्तेन्सेन यांनी १९७५ मध्ये त्यांच्या तपासणीची पद्धत तिचा लवचीकपणा राखून ग्रंथित केली. १९८५ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात त्यांनी मेंदूच्या इजांसाठी पुनर्वसन केंद्रही सुरू केले. उलट, अमेरिकेत चार्ल्स गोल्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २६९ प्रश्नांची ‘लूरिया-नेब्रास्का’ चाचणीमाला रचून तिला गुणसंख्या जोडली. तिच्या शास्त्रीय आधाराविषयी पुढे बराच वाद झाला. लूरिया यांचे साहित्य तीत असले, तरी रुग्ण कोणत्या टप्प्यावर अडखळतो हे पाहण्यासाठी प्रश्न जागच्या जागी बदलण्याची त्यांची रीत ठरीव गुणांकनात बसणारी नव्हती.

मॉस्को राज्य विद्यापीठात ते १९४५ पासून प्राध्यापक होते. अखेरच्या काळात लिहिलेले त्यांचे आत्मचरित्र द मेकिंग ऑफ माइंड या नावाने १९७९ मध्ये इंग्रजीत आले. त्याचे संपादन मायकेल कोल व शीला कोल यांनी केले. मॉस्को येथेच त्यांचे निधन झाले.