समुद्रातला हमाल

‘हमाल’ हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. ओझे वाहणारा तो हमाल. उर्दूच्या तासाला आणि मराठीच्याही तासाला मी हा शब्द शिकवतो. असाच एक हमाल समुद्रातही आहे. तो म्हणजे प्लास्टिकचा बारीक कण.

1972 मध्ये एडवर्ड कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या पाण्यात पॉलिस्टायरीनचे बारीक मणी सापडले. त्यांवर पीसीबी हे विषारी औद्योगिक रसायन होते. 2001 मध्ये जपानच्या हिदेशिगे ताकादा यांच्या गटाने दाखवले की, प्लास्टिकच्या दाण्यांवर अशा रसायनांचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या दहा लाख पटींपर्यंत जाऊ शकते. डब्याला लागलेला तेलकट रस्सा नुसत्या पाण्याने निघत नाही, तसेच हे. ही रसायने पाण्यात फारशी विरघळत नाहीत, प्लास्टिकला चिकटतात.

हे ओझे उतरते कुठे? शिंपल्यातले जीव पाणी गाळून पोट भरतात. 2008 मध्ये मार्क ब्राऊन यांच्या प्रयोगात मसल जातीच्या शिंपल्यांनी गिळलेले कण पोटातून रक्ताभिसरणात गेले आणि 48 दिवसांनंतरही तिथेच होते. मासा आपण पोट साफ करून खातो, तिसऱ्या मात्र पोटासकट खातो.

यावर उपाय म्हणून ‘विघटनशील’ प्लास्टिक पुढे आले. कल्पना जुनीच. 1926 मध्ये फ्रान्सच्या मॉरिस लेमॉइन यांनी जिवाणूंच्या पेशीत असा पदार्थ शोधला होता. पण विघटन जागेवर अवलंबून असते. पीएलए हे प्लास्टिक कंपोस्ट कारखान्याच्या साठ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत कुजते, थंड समुद्रात तसेच पडून राहते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्लिमथच्या संशोधकांनी ‘बायोडिग्रेडेबल’ छापलेली पिशवी तीन वर्षे समुद्रात ठेवली होती. नंतरही तिच्यात बाजार भरून नेता येत होता. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पीबीएटी या विघटनशील प्लास्टिकच्या कणांनी फिनॅन्थ्रीन हे प्रदूषक साध्या पॉलिथिलीनपेक्षा जास्त शोषले.

शिंपल्यांत विष पाण्यातून आणि अन्नातूनही येते. त्यात प्लास्टिकचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. म्हणून घाबरून तिसऱ्या सोडा, असे मी म्हणणार नाही. पण पिशवीवर ‘विघटनशील’ दिसले की विचारा: कुठे, किती उष्णतेत, किती दिवसांत? याचे उत्तर छापलेले नसेल, तर तो शब्द नुसताच शब्द आहे.