बेबी नंदा : एका कर्त्या मुलीची चित्रकथा

घरातील कर्ता पुरुष अकाली गेला म्हणजे त्या घरावर कोणता प्रसंग ओढवतो, हे आपल्यापैकी अनेक कुटुंबांस अनुभवाने ठाऊक आहे. थोरला मुलगा शाळा सोडून नोकरीस लागतो, धाकट्यांची शिक्षणे पार पाडतो, आणि पुढे तीन पिढ्या त्याचे नाव आदराने घेतले जाते. परंतु तोच भार एखाद्या मुलीने उचलला, तर त्याची वाच्यता आपण हलक्या आवाजात करतो. आणि ती मुलगी नाटक-सिनेमातील असेल तर बहुधा करीतच नाही. मास्टर विनायक यांची कन्या नंदा हिचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले, ते याच कारणाने.

मास्टर विनायक, म्हणजे विनायक दामोदर कर्नाटकी, यांचा परिचय जुन्या वाचकांस करून देण्याची गरज नाही. ‘छाया’ (१९३६), ‘ब्रह्मचारी’ (१९३८), ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९), ‘लग्न पहावे करून’ (१९४०) ही नावे उच्चारली तरी पुरे. खांडेकर आणि अत्रे यांच्यासारख्या लेखकांस त्यांनी बोलपटाकडे आणले, आणि महाराष्ट्राला पडद्यावरील विनोद कसा निकोप असू शकतो हे दाखविले. अशा घरी ८ जानेवारी १९३९ रोजी कोल्हापूर येथे नंदाचा जन्म झाला.

येथे एका योगायोगाचा उल्लेख करणे अगत्याचे वाटते. एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर निवर्तले, तेव्हा त्यांची थोरली कन्या लता अवघी बारा वर्षांची होती. त्या निराधार कुटुंबाच्या पाठीशी जे उभे राहिले, त्यांत विनायकराव प्रमुख होते. लताबाईंनी त्यांच्या चित्रसंस्थेत लहानमोठ्या भूमिका केल्या आणि त्या वेतनावर मंगेशकरांचे घर तगले. पाच वर्षे लोटली. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र होऊन चार दिवस झाले असता, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी स्वतः विनायकरावच गेले. दुसऱ्याच्या कन्येस ज्यांनी आधार दिला, त्यांच्याच कन्येवर तोच प्रसंग यावा! नंदा त्या वेळी आठ वर्षांची होती.

वडील गेले तेव्हा त्यांचा ‘मंदिर’ हा चित्रपट पुरा व्हावयाचा होता. नंदाने त्यात काम करावे ही त्यांचीच इच्छा होती. भूमिका मुलाची, त्याकरिता केस कापावयाचे. मुलीची मुळीच तयारी नव्हती आणि आईने समजूत घातली, असे नंदाबाई पुढे सांगत असत. तो चित्रपट १९४८ मध्ये प्रदर्शित झाला आणि श्रेयनामावलीत ‘बेबी नंदा’ हे नाव आले. वडिलांच्या हौसेने आरंभिलेली ही गोष्ट त्यांच्या पश्चात कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचे साधन झाली. ‘जग्गू’ (१९५२) आदी चित्रपटांत ती बालकलाकार म्हणूनच वावरली. शाळेच्या नियमित वर्गात बसण्याचे दिवस स्टुडिओच्या दिव्यांखाली गेले, हे ओघाने आलेच.

बालकांच्या कामाविषयी त्या काळी कायदा नव्हता असे नाही. १९३८ चा कायदा होता. पण त्यात रेल्वे, बंदरे, बिडी, गालिचे, आगकाड्या असल्या उद्योगांचा विचार होता. चित्रपटातील मुलांचा विचार त्यात नव्हता. बालकलाकाराने दिवसात पाच तासांहून अधिक काम करू नये, आणि त्याच्या मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत राहावा, हे नियम आपल्याकडे २०१७ मध्ये झाले. बेबी नंदाच्या पिढीस यांतील काहीच लाभले नाही. तिची मिळकत म्हणजे घराची मिळकत. दोहोंत भेद करण्याचे कोणाच्या मनातही आले नसेल. यात आम्ही कोणास दोष देत नाही. एवढेच की, ‘त्याग’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. आठ वर्षांच्या मुलीस त्याग करावयाचा की नाही, हे कोणी विचारीत नसते.

१९५६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, व्ही. शांताराम यांच्या राजकमल संस्थेच्या ‘तूफान और दिया’ने तिला नायिकेच्या पंक्तीस आणून बसविले. शांतारामबापू नात्यातलेच, पण नात्याने संधी मिळते, प्रेक्षक मिळत नाहीत. ते तिचे तिने मिळविले. मराठीत त्यापूर्वीच ‘शेवग्याच्या शेंगा’ (१९५५) येऊन गेला होता. पुढे ‘भाभी’ (१९५७) मधील तरुण विधवेची भूमिका गाजली, आणि १९५९ च्या ‘छोटी बहन’ने तर घरोघरी तिला बहीण करून टाकले. एल. व्ही. प्रसाद यांच्या या चित्रपटात बलराज साहनी आणि रहमान हे दोन भाऊ, आणि नंदा ही दृष्टी गमावलेली धाकटी बहीण. भावांच्या आधारावाचून पाऊल न टाकू शकणारी ही मुलगी पाहून थिएटरात बायका पदराने डोळे टिपीत. प्रत्यक्षात मात्र भावंडांचा आधार ती स्वतः होती! पडद्यावर आधार मागणारी आणि घरी आधार देणारी, अशी दोन जीवने तिने एकाच वेळी जगून दाखविली.

या ‘बहिणी’ने तिचे नाव केले, तशी अडचणही केली. ‘काला बाजार’ (१९६०) मध्ये देव आनंद नायक, पण नंदा त्याची बहीण! पुढच्याच वर्षी ‘हम दोनों’मध्ये ती त्याच देव आनंदची पत्नी झाली, तेव्हा कोठे ही चौकट मोडली. दरम्यान ‘आँचल’ (१९६०) करिता सहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक तिला मिळाले होते.

तिच्या स्वभावाचे खरे दर्शन घडते ते शशी कपूर यांच्या बाबतीत. नायिका म्हणून तिचे नाव झाले होते. शशी कपूर यांचे चित्रपट चालत नव्हते आणि आघाडीच्या नायिका त्यांच्यासोबत काम करण्यास राजी नव्हत्या. नंदाने एकामागून एक चित्रपट त्यांच्यासह स्वीकारले. ‘चार दीवारी’ (१९६१), ‘मेहंदी लगी मेरे हाथ’ (१९६२) यांनी विशेष हाती लागले नाही. तरीही ती मागे सरली नाही. आणि १९६५ मध्ये ‘जब जब फूल खिले’ आला! काश्मिरी नावाड्यावर जीव जडलेली ती श्रीमंत, आधुनिक पोशाखातील तरुणी पाहून ‘छोटी बहन’च्या प्रेक्षकांस ओळख पटेना. या पाठबळाचा उल्लेख शशी कपूर यांनी पुढे अनेकदा कृतज्ञतेने केला आहे. आधार मिळणे म्हणजे काय हे जिने बालपणी जाणले होते, तिला नवख्याची कुचंबणा अधिक कळली असावी, असे आम्हांस वाटते.

त्याच वर्षी राजा नवाथे यांचा ‘गुमनाम’ आला. पण अभिनयाच्या दृष्टीने आमचे मत ‘इत्तेफाक’च्या (१९६९) बाजूने पडेल. यश चोप्रा यांचा एका रात्रीत घडणारा हा चित्रपट. त्यात एकही गाणे नाही. त्यातील सोज्वळ चेहऱ्याआड गुन्हा दडविणारी गृहिणी नंदाने अशी उभी केली की, तिच्या भोळ्या डोळ्यांवर दहा वर्षे विसंबलेला प्रेक्षक पुरता फसला.

‘शोर’ (१९७२) नंतर कामे विरळ झाली. पुढे ‘आहिस्ता आहिस्ता’ (१९८१), ‘प्रेम रोग’ (१९८२) व ‘मजदूर’ (१९८३) या तीन चित्रपटांत ती आई झाली, आणि तिन्हींत मुलगी पद्मिनी कोल्हापुरे. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ (१९७८) मध्ये लहानग्या रूपाच्या भूमिकेत दिसलेली पद्मिनी हीही एकेकाळची बालतारकाच. कॅमेऱ्यापुढे वाढलेल्या दोन मराठी मुली पडद्यावर मायलेकी होऊन उभ्या राहिल्या, याचे त्या वेळी कोणास फारसे कौतुक वाटले नाही. आम्हांस मात्र ते चित्र मोलाचे वाटते.

त्यानंतर नंदाबाईंनी पडद्याचा निरोप घेतला. घरच्यांचे करता करता स्वतःच्या लग्नाचा विचार राहून गेला होता. १९९२ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, दिग्दर्शक मनमोहन देसाई यांच्याशी त्यांचा वाङ्‌निश्चय झाला. परंतु १ मार्च १९९४ रोजी देसाई यांचा अपघाती अंत झाला आणि तो विवाह घडला नाही. त्यापुढील वीस वर्षे त्या आप्तस्वकीय आणि वहिदा रहमान यांच्यासारख्या मोजक्या मैत्रिणींच्या सहवासात, प्रसिद्धीपासून दूर राहिल्या. २५ मार्च २०१४ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.