यंत्राने थांबावे केव्हा?

ठाणे जिल्ह्यात कामवारी नदीकाठी वसलेल्या भिवंडीचे नाव निघाले की यंत्रमागांचा खडखडाट प्रथम आठवतो. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून विणकर कुटुंबे येथे आली. पुढे विसाव्या शतकात वीज आली तशी हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. आणि १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर तेथील पुष्कळसे विणकाम या गावाकडे वळले.

विणकाम म्हणजे कामांची एक साखळीच होय. सुताचा ताणा करावयाचा, त्याला कांजी द्यावयाची, तो बीमावर गुंडाळावयाचा, एकेक धागा ओवून घ्यावयाचा. इकडे बाण्याच्या कांड्या भरावयाच्या आणि मग माग चालू करावयाचा. कांजीचे काम लांबले असता केवळ आठ वाजले म्हणून मागाची कळ दाबण्यात अर्थ नाही.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर भिवंडीच्या परिसरातील गोदामांचा व्याप फार वाढला, आणि मागांच्या शेजारी अशीच एक दुसरी साखळी उभी राहिली. दिवसभराच्या मागण्या गोळा करणे, शिल्लक मालाशी त्या ताडून पाहणे, बिले करणे, पहाटेच्या गाड्यांच्या याद्या काढणे, ही कामे आता गणकयंत्रे करतात. ती कोणत्या क्रमाने व केव्हा व्हावीत हे ठरविणारे सॉफ्टवेअर निराळे असते. ते निवडावे कसे, या प्रश्नाचा इतिहास मागापासूनच सुरू होतो.

फ्रान्समधील लियाँ शहरी १८०४ च्या सुमारास जॅकार्ड याने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी मागाला नक्षीचा क्रम शिकविला. इंग्लंडातील बॅबेज याने तीच युक्ती आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी योजिली. आणि १८९० च्या अमेरिकन खानेसुमारीत हॉलेरिथच्या यंत्रांनी छिद्रांकित पत्रिका मोजून दाखविल्या. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे गणकयंत्र आले. त्या काळच्या अशा यंत्रांना कामे पत्रिकांच्या गठ्ठ्यांनीच दिली जात.

पुढे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या युनिक्समध्ये ‘क्रॉन’ ही सोय झाली. तिचा स्वभाव शाळेच्या घंटेसारखा: नेमलेली वेळ झाली की काम सुरू. आधीचे काम पुरे झाले की नाही, याची तिला दाद नसते. बीम आला नाही तर माग रिकामा उभा राहिलेला निदान दिसतो. हिशेबाचे काम मात्र कालच्याच आकड्यांवर बिनदिक्कत विणत बसते, आणि चूक सकाळी ग्राहकाच्या दारी उघडी पडते. म्हणून घड्याळाबरोबर परस्परावलंबनही ओळखणारी साधने पुढे आली. २०१४ मध्ये एअरबीएनबी या कंपनीत सुरू झालेले ‘एअरफ्लो’ त्यांपैकीच एक.

परंतु क्रम पाळणे एवढ्याने भागत नाही. जपानच्या साकिची टोयोडा याच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाचा मोठा गुण असा की, ताण्याचा धागा तुटताच तो आपोआप थांबे. त्यामुळे एका कामगाराला अनेक मागांवर नजर ठेवता येई. १९२९ मध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. जो माग थांबत नाही तो तुटक्या धाग्यानिशी वारच्या वार सदोष कापड काढीत राहतो.

या बाबतीत गाफील राहिल्याची किंमत इंग्लंडात दिसून आली. जून २०१२ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या समूहाने रात्रीची कामे लावणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसविली. अडचण दिसताच ती काढून जुनीकडे वळावयाचे ठरले; पण तसे केल्यास काय होईल याची आधी चाचणी घेतली नव्हती, आणि दोहोंचा मेळ बसेना. पासष्ट लाखांहून अधिक ग्राहकांना त्रास झाला. कित्येकांना आपल्या खात्यातील पैसाही मिळेना. २०१४ मध्ये नियामकांनी एकूण ५ कोटी ६० लक्ष पौंड दंड केला.

तेव्हा गोदामाच्या मालकाने विक्रेत्यास किंमत व वेग विचारावा हे ठीकच. पण त्याआधी चार प्रश्न विचारावेत. मागील काम अपुरे असता पुढचे थांबते काय? थांबल्यावर कोणास आणि किती वेळात कळते? अर्धवट राहिलेले काम पुन्हा चालविता एकच बिल दोनदा निघणार नाही ना? आणि नवे साधन न मानवल्यास जुन्याकडे परतण्याची वाट प्रत्यक्ष चालून पाहिली आहे काय? ज्याची आठवड्यातून चारच कामे आहेत, त्याला घंटेवर चालणारे साधे साधनही पुरेल; मात्र काम झाले की नाही, हे रोज सकाळी पाहणारा माणूस नेमलेला असावा. भिवंडीतला जाणता विणकर मागाच्या आवाजावरून तुटलेला धागा ओळखतो. रात्री मुकाट्याने चालणाऱ्या कामाला आवाज नसतो. तो देण्याची सोय ज्यात आहे, तेच साधन घ्यावे.