वारा पडला तेव्हा

मोरजी, उत्तर गोवा. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातला एक शनिवार.

सकाळी ७:००
मतलई वारा अजून संपला नव्हता. रात्री थंडावलेल्या जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, अंगाला जेमतेम कळणारा. शापोरा नदीच्या मुखाच्या बाजूला रापणकार जाळं ओढत होते. आम्ही सहा जण होतो, चार काइटवाले, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर फळीवरून पाण्यावर धावणारे, आणि दोन विंडसर्फर. मी विंडसर्फर. काइटवाल्यांत सगळ्यात लहान होता तो पुण्याहून आलेला मुलगा. वय २६, काइटवरचा तिसरा मोसम. मला दादा म्हणायचा.

सकाळी ९:३०
फोनवर वाऱ्याचा अंदाज पाहिला. दुपारी वायव्येकडून १४ ते १६ नॉट. याहून चांगलं काय हवं? हवामान खात्याचा पिवळा इशाराही होता: मेघगर्जना, ताशी ३० ते ४० किलोमीटरचे वारे. मे महिन्यात असे इशारे इतक्यांदा येतात की नजर त्यांच्यावरून सरकून जाते. माझीही सरकली.

सकाळी ११:४५
खारा वारा सुरू झाला. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून हवा आत येते. आमचा सगळा खेळ त्या येण्यावर उभा. उन्हाळ्यात किनाऱ्यावर तो दुपारपर्यंत वायव्येला वळतो आणि तीन-चार वाजता सर्वांत भरात असतो. मी साडेसात चौरस मीटरचं शीड लावलं. पुण्याच्या मुलाने बारा चौरस मीटरची काइट फुगवली, २४ मीटरच्या दोऱ्या वाळूवर पसरून एकेक तपासल्या. हे लिहितोय कारण नंतर लोक म्हणाले की मुलगा निष्काळजी होता. तो नव्हता.

दुपारी १:३०
वारा १५ नॉट, एकसारखा. मुलगा लाटेवरून उडी मारायचा, हवेत थांबल्यासारखा दिसायचा आणि अलगद उतरायचा.

दुपारी २:४०
पूर्वेला, घाटावर, ढग चढत होते. खाऱ्या वाऱ्याने आत नेलेली दमट हवा सह्याद्रीला अडून वर जाते, तापलेल्या दुपारी तिचे मनोरे होतात. मे महिन्यात वरच्या थरातला वारा बऱ्याचदा पूर्वेचा असतो, तो हे मनोरे किनाऱ्याकडे लोटतो. ढगात पाऊस तयार झाला की थंड, जड हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर चहूबाजूंना पसरते. ढगाच्या कितीतरी पुढे धावते. आपल्या डोक्यावर ऊन असताना येऊन धडकते. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी साडेचारच्या सुमारास होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तो वाराही वळवाच्या वादळाचाच होता.

मला हे सगळं ठाऊक होतं. ढग लांब आहेत, एवढंच मी मनाशी म्हटलं.

दुपारी ३:०५
रापणकारांनी होडी पाण्यातून काढली आणि ओंडक्यांवरून पार माडांपर्यंत नेली. भरतीची वेळ नव्हती, मग इतकी वर कशाला, असं मी विचारलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने हनुवटीने घाटाकडे खूण केली. मी मान डोलावली आणि पुन्हा पाण्यात गेलो.

दुपारी ३:५०
वारा पडला.

हळूहळू नाही, हात काढून घेतल्यासारखा. माझं शीड अंगावर आलं. तीन काइट पाण्यात पडल्या, त्यांचे मालक त्या ओढत किनाऱ्याला लागले. दुसरा विंडसर्फर पाऊण किलोमीटर आत होता, तो बोर्डवर बसून राहिला. मी उथळ पाण्यात होतो, चालत बाहेर आलो.

वारा का पडला, ते आता कळतं. घाटाकडून निघालेली थंड हवा खाऱ्या वाऱ्याला समोरून रेटत होती. दोघांची ताकद जिथे सारखी, तिथे काहीच हलत नाही. ती शांतता म्हणजे वादळ येऊन ठेपल्याची खूण होती. आम्हाला ती विश्रांती वाटली.

दुपारी ४:०२
मुलगा पाण्यातून बाहेर येऊन वाळूवर उभा होता. हात तयार असल्यामुळे इतक्या थोड्या हवेतही त्याने काइट डोक्यावर तोलून धरली होती. "दादा, उतरवू का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "थांब पाच मिनिटं. येईल परत."

दुपारी ४:१०
काहींच्या फोनवर 'दामिनी' वाजलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं हे ॲप आसपास वीज पडण्याची शक्यता असली की सावध करतं. आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून उभे होतो. वारा तिकडून यायचा ना.

दुपारी ४:१९
पाठीला गार लागलं. ओल्या मातीचा वास आला. मी वळलो. सुरूच्या झाडांचे शेंडे समुद्राकडे वाकले होते आणि त्यांच्यामागे लाल धूळ उभी होती. मी ओरडलो, "सोड! काइट सोड!"

दुपारी ४:२१
वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग तिप्पट झाला की ओढ नऊपट. आणि काइट नेमकी डोक्यावर असली की ती ओढ माणसाला सरळ वर उचलते.

कमरेशी लाल मूठ असते. ती पुढे ढकलली की काइटची ताकद जाते, दोन सेकंदांचं काम. पण तोल जाताना माणूस हातातलं घट्ट धरतो. त्याने बार, हातातला आडवा दांडा, छातीशी ओढला, आणि बार ओढला की काइट आणखी जोर घेते. तो दोन पुरुष उंच गेला. ओहोटीने उघड्या पडलेल्या, फरशीसारख्या घट्ट वाळूवर आदळला. पुन्हा उचलला गेला, पुन्हा आदळला, आणि फरफटत पाण्याकडे निघाला. मी आणि एक जीवरक्षक त्याच्या पट्ट्यावर पडलो. लाल मूठ मी ढकलली.

दुपारी ४:३०
पाऊस. आतला विंडसर्फर शीड पाण्यात टाकून बोर्डवर पालथा पडला होता. वारा त्याला बाहेर, खोल समुद्राकडे नेत होता. रापणकारांनी माडांपर्यंत नेलेली होडी परत खाली आणली आणि त्या पावसात आत घातली. पाऊण तासाने ते त्याला घेऊन आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

संध्याकाळी ६:४०
१०८ची गाडी त्याला घेऊन बांबोळीच्या रुग्णालयात पोचली. मांडीचं हाड, कंबरेचं हाड दोन ठिकाणी, आणि मणका.

तो आज कुबड्यांवर चालतो. मला अजून दादाच म्हणतो. ४:०२ला काय बोलणं झालं, हे त्याने कोणाला सांगितलेलं नाही. म्हणून मी सांगतोय.

वारा पडला ३:५०ला, आला ४:२१ला. मध्ये ३१ मिनिटं होती. हाताशी एक माणूस असला की काइट उतरवायला एक मिनिट लागतं, आणि मी त्याच्यापासून वीस पावलांवर रिकाम्या हातांनी उभा होतो.