कर्मचारी प्रशिक्षण : सुट्या अभ्यासक्रमांकडून सूत्रबद्ध कार्यक्रमाकडे

कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची नोंद, आखणी व मूल्यमापन करणाऱ्या संगणकीय व्यवस्थेला ‘लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम’ म्हणतात. तिच्यात अभ्यासक्रम हा सुटा घटक असतो. असे अनेक घटक पदाच्या गरजेनुसार क्रमाने गुंफले, की प्रशिक्षण कार्यक्रम तयार होतो. कोणता घटक अनिवार्य, कोणता ऐच्छिक, कोणता आधी पूर्ण करायचा, मुदत किती आणि चाचणी केव्हा, हे कार्यक्रमातच निश्चित केलेले असते.

भारतातील याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘मिशन कर्मयोगी’. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी या योजनेला मंजुरी दिली. सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत ५१०.८६ कोटी रुपये खर्च अपेक्षित धरण्यात आला होता. ‘आयगॉट कर्मयोगी’ हे तिचे ऑनलाइन व्यासपीठ. नियमांऐवजी भूमिकेवर आधारित मनुष्यबळ व्यवस्थापन हे या योजनेचे सूत्र आहे. त्यानुसार प्रत्येक पदाची भूमिका, त्यातील कामे व त्यांसाठी लागणाऱ्या क्षमता आधी ठरवायच्या आणि मग अभ्यासक्रम जोडायचे, अशी रचना आहे. क्षमतांचे वर्तनविषयक, कार्यविषयक व क्षेत्रविषयक असे तीन प्रकार मानले जातात.

नवनियुक्तांसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेला ‘कर्मयोगी प्रारंभ’ हा अशा गुंफणीचा नमुना होय. आचारसंहिता, कार्यस्थळावरील नीतिमत्ता, मनुष्यबळविषयक धोरणे आणि भत्ते हे विषय त्यात एकत्र आणले आहेत. कर्मचारी भोपाळच्या बाग सेवनियालगतच्या एम्समध्ये रुजू होवो वा गोव्यातील एखाद्या केंद्रीय कार्यालयात, पायाभूत धडे तेच राहतात. पुढील टप्पे मात्र पदागणिक वेगळे असावे लागतात. परिचारिकेला आणि लेखा लिपिकाला एकच यादी देऊन भागत नाही.

नेमकी येथेच या व्यवस्थेची कसोटी लागते. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची नोंद संगणक अचूक ठेवतो. कौशल्य आले की नाही, हे ती नोंद सांगत नाही. म्हणून चाचणीबरोबरच वरिष्ठांचे निरीक्षण, प्रत्यक्ष सराव आणि नियम बदलल्यावर उजळणी यांनाही कार्यक्रमात स्थान द्यावे लागते. अन्यथा प्रमाणपत्रे वाढतात आणि खिडकीसमोर उभा असलेला नागरिक मात्र होता तेथेच राहतो.