न सुकणारी फुले

चैत्र सरता सरता परभणीच्या बागा कोळपू लागतात. मोगरा तेवढा तग धरतो. दिवाणखान्यात ताजी फुले ठेवावीत, तर दुपारपर्यंत ती माना टाकतात. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि त्या राज्यात न सुकणाऱ्या फुलांची एक जुनी कला नांदत होती : बिदरी.

जस्तात थोडे तांबे मिसळून सुरई, पानदान किंवा हुक्क्याचा तळ ओततात. त्यावर मोरचुदाचे पाणी फिरविले, की पृष्ठभाग तात्पुरता काळवंडतो व नक्षी रेखाटता येते. मग ती छिन्नीने कोरून खोबणीत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवितात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप चोळला, की जस्त कायमचे काळेभोर होते. चांदी मात्र उजळच राहते. एका धातूला रंगवावे व दुसऱ्याला शिवूही नये, हे रसायन त्या कारागिरांना कोणत्या प्रयोगशाळेने शिकविले असेल!

या भांड्यांवर सर्वांत शोभते ते खसखशीचे फूल. त्याची वाट काश्मीरकडे जाते. १६२० च्या वसंतात जहांगीर बादशहा तेथील फुलांनी मोहून गेला. चित्रकार मन्सूरने शंभरांहून अधिक फुले रेखाटल्याचे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. सबंध रोप एकटे उभे दाखविण्याची ही पद्धत युरोपातील वनस्पतिग्रंथांतील छापील चित्रांवरून आली, असे काही संशोधक मानतात. युरोपीय चित्रे मोगल दरबारी पोहोचविणाऱ्यांत गोव्याहून गेलेले येशूसंघीय धर्मगुरू होते. १५८० साली त्यांनी अकबराला अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल भेट दिले होते. पुढे १६५७ मध्ये औरंगजेबाने बिदर जिंकले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील बिदरी कामावर ही फुले ठसठशीत दिसतात.

१९४९ साली जहागिरी गेल्या, हुक्काही मागे पडला आणि मोठे गिऱ्हाईक सरले. कला मात्र टिकली. बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पण घरातील जुन्या वस्तूंचे काय? गुंजभर चांदीच्या मोहाने त्या मोडीत घालणे हा निव्वळ करंटेपणा होय. तार निखळलेली सुरईसुद्धा मे महिन्यात, मरियामातेच्या महिन्यात, प्रतिमेशेजारी मोगऱ्यासह देखणी दिसते. तिला चिंच-लिंबू लावू नये. खोबरेल तेलाचा हलका हात पुरे. पाणी थेट तिच्यात न भरता आत मावेल अशी काचेची नळी ठेवावी, म्हणजे तळ डागाळत नाही.