तळटीप १४ : ‘गुरख्या’

१४. गुरख्या : ‘गुरखा’ हा शब्द नेपाळातील गोरखा या डोंगरी राज्यावरून आला, १८१५ पासून ब्रिटिश सैन्यातल्या पलटणींमुळे तो सर्वत्र पसरला. रत्नागिरीत मात्र आंब्याच्या बागेत राखणीला, फवारणीला येणारा प्रत्येक नेपाळी, थारू असो वा तामांग, ‘गुरखा’च. गलोलीने वानरे हाकणाऱ्या माणसाला बागायतदार येथे ‘ए गुरख्या’ म्हणतो, ती हाक नव्हे, हिणवणी आहे. त्याला नाव आहे. मोहोरापासून शेवटच्या पेटीपर्यंत ते कुणी विचारलेले नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींपुरता, २०१३ चा कामाच्या ठिकाणचा कायदा स्त्रियांच्या लैंगिक छळापुरता; वंशावरून हिणवल्या जाणाऱ्या या मजुराला दोन्हींचा आधार मिळत नाही.